एका ताटातल्या दोघी

पिंप्राळ्यातल्या त्या घरात संध्याकाळी पुरुषांची आणि पोरांची पंगत उठली, की चुलीजवळ एक ताट मांडलं जायचं. एकच. त्याच्या या बाजूला थोरली जाऊ द्रौपदाबाई, त्या बाजूला धाकटी लताबाई. मधे भाकऱ्या, एका अंगाला भाजी, आणि खिचडी असली तर तिच्यावर द्रौपदाबाईच्या हातानं पडलेली कच्च्या शेंगदाणा तेलाची धार. वीस वर्षं हे असंच चाललं होतं. दोघींपैकी एक बाळंतीण असली किंवा माहेरी गेली असली, तर तेवढाच खंड.

सुरुवात साधी होती. धुळ्याची ही बुटकी पोर लग्न होऊन जळगावला आली, आणि आईच्या आठवणीनं तिला घास गिळेना. द्रौपदाबाईनं दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी तिला दंडाला धरून आपल्या ताटावर बसवलं. "मी खास तवसर तू बी खाय," म्हणाली, म्हणजे मी खातेय तोवर तूही खा. पुढे लताबाईनं धुळ्याला माहेरी राहून डी.एड. केलं, तेव्हा तिचं दूधपितं पोर द्रौपदाबाईनंच सांभाळलं. डाळमिलमध्ये डाळ पाखडायची, घरी येऊन दोन्ही घरच्या पोरांना खाऊ घालायची, आणि कोणी विचारलं की सांगायची, "मनी जाऊ मास्तरीण व्हनार शे." मास्तरीण झालीही ती. तेव्हा हे ताट म्हणजे नुसतं पितळेचं भांडं नव्हतं, एवढं वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं. आपल्याकडे जावांची ताटं वेगळी झाली, की पुढच्या वर्षी चुली वेगळ्या होतात. हे गल्लीत सगळ्यांना माहीत असतं.

आता दोघींच्या अंगकाठीबद्दल. द्रौपदाबाई उंच, सडपातळ, दारातून वाकून यायची. लताबाई तिच्या खांद्याच्याही खाली. ताटातलं निम्मं ही खायची, निम्मं ती. उंच होती ती दिवसभर पोती ओढून तशीच काटकुळी राहिली. बुटकी होती ती खुर्चीत बसून पाढे म्हणवून घ्यायची, आणि वर्षावर्षाला रुंद होत गेली. अंगाला येतंय, सुखी आहे, असं लोक म्हणायचे. गुडघे दुखायचे ते बाळंतपणामुळे, असं तिनं स्वतःलाच सांगून टाकलं होतं.

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात लताबाईच्या बदलीचा हुकूम आला. इतकी वर्षं जळगावजवळच्या शाळेत काढली, आता यावलच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर. एस.टी. फाट्यापर्यंत. तिथून नाल्याची वाळू तुडवायची आणि मग चढ. शाळा चढाच्या डोक्यावर, एकशिक्षकी. बाई पोचली तर शाळा उघडली, नाही पोचली तर पोरं रानात.

पहिल्या दिवशी लताबाई त्या वाटेवर इतक्या ठिकाणी बसली, की वाटेतले दगड तिच्या ओळखीचे झाले. वर पोचली तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता आणि पोरं कंटाळून पांगली होती. पाड्यावरचा आमश्या तेवढा कुंपणाशी उभा होता. त्याची मुलगी दुसरीत होती.

"बाई, उद्यापासून फाट्यावर गाडी धाडू का?" त्यानं विचारलं.

"कसली गाडी?"

"बैलगाडी. लाकडं आणतो ना आम्ही तिच्यात."

त्याला टोमणा मारायचा नव्हता, अगदी मनापासून विचारलं होतं त्यानं. म्हणूनच जास्त लागलं. मागे उभी असलेली त्याची आई बुधीबाई पदर तोंडाला लावून हसली ती वेगळीच.

आठवड्यातच विस्तार अधिकाऱ्यांनी यावलला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण स्पष्ट होता. "शाळा रोज दुपारी उघडते म्हणतात. बदली काही रद्द होणार नाही, दुसरं कोणी तिकडे जायला तयार नाही. सव्वीस जानेवारीच्या झेंड्यापर्यंत थांबतो. तोवर जमलं नाही, तर मला वर लिहावं लागेल. त्यापेक्षा तुम्हीच राजीनामा दिलेला बरा दिसेल."

परतीच्या गाडीत लताबाईला राजीनामा हा एकच शब्द ऐकू येत होता. नवरा गिरधर एस.टी.च्या डेपोत हेल्पर. त्याच्याकडून काही बोलणं व्हायचं नव्हतं, पण द्रौपदाबाईला काय सांगणार? जिच्यासाठी तुम्ही माझं पोर अंगाखांद्यावर वाढवलंत, ती नोकरी मी चढ चढता येत नाही म्हणून सोडली?

दुसऱ्याच दिवशी ती जळगावात एका लेडी डॉक्टरकडे गेली. डॉक्टरीणबाई स्वतःही बुटक्याच होत्या. टेबलामागे बसल्या की नुसतं डोकं दिसायचं. त्यांनी लताबाईला भिंतीशी उभं केलं, मग काट्यावर.

"चार फूट आठ इंच. सदुसष्ट किलो. गुडघ्यांनी अजून तुम्हाला सोडलं नाही, हेच आश्चर्य आहे. काय खाता?"

"फार नाही हो. सगळ्यांसारखंच."

"सगळे किती उंच आहेत?"

लताबाईला हसू आलं. डॉक्टरीणबाईंना आलं नाही.

"तेल किती?"

"फार नाही. खिचडीवर धार तेवढी."

"धार म्हणजे किती?"

"हाताला येईल तेवढी."

"कुणाच्या हाताला?"

"जावेच्या."

"जाऊ सढळ हाताची दिसते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मग त्यांनी कॅलरीचं गणित सांगितलं. शरीर म्हणजे चूल. उंच बाईची चूल मोठी, तिला सरपण जास्त लागतं. बुटक्या बाईची चूल लहान. उंच बाई ज्या अन्नावर वाळते, त्याच अन्नावर बुटकी बाई होती तशी राहते, आणि जरा जास्त झालं की जाड होते. मासिकांत छापलेले आहाराचे तक्ते तुमच्या-माझ्या मापाचे नसतात, बाई. तुम्ही बाराशे कॅलरीच्या आसपास राहायचं. त्याच्या फार खाली जायचं नाही. उपाशी तर मुळीच राहायचं नाही. सकाळी अंडं किंवा मोड आलेली मटकी, दुपारी एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण, मोकळी भाजी, काकडी, ताक. रात्री तसंच, थोडं कमी. तेल चमच्यानं मोजून. रोज चालायचं, आणि खुर्चीवरून हाताचा टेका न घेता उठायचं-बसायचं, म्हणजे मांड्या गुडघ्यांचा भार घेतील. महिन्याला दीड किलो उतरलं तरी पुष्कळ म्हणायचं.

सगळं पटलं. अडचण एकच होती. हे सगळं वेगळ्या ताटात वाढून घ्यायला हवं होतं.

दुसऱ्या बायकांना असल्या वेळी सोय असते. सोमवार आहे, चतुर्थी आहे, एकादशी आहे, म्हटलं की कोणी का म्हणून विचारत नाही. हे घर बौद्धांचं. तीस वर्षांपूर्वी सासऱ्यांनी देव्हारा काढला त्याबरोबर उपासतापासही गेले होते. न जेवायला लताबाईपाशी एकही शिष्टसंमत कारण उरलेलं नव्हतं. मग आषाढी पौर्णिमेला पावसाळ्यातल्या तीन महिन्यांचा वर्षावास सुरू झाला. विहारात बायका ग्रंथवाचनाला जमू लागल्या, आणि तिथे एका म्हाताऱ्या उपासिकेनं अष्टशील घेतलं. त्यातल्या एका शीलाप्रमाणे दुपारनंतर जेवायचं नसतं. लताबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरी येऊन तिनं जाहीर केलं, "अक्का, मी तिन्ही महिने अष्टशील पाळणार. रात्रीचं जेवण बंद."

शील हे शील म्हणून पाळावं. त्याची आडोशासारखी ताटी केली, की ती अंगावर पडते. लताबाई शिकलेली होती, तिला एवढं कळायला हवं होतं.

द्रौपदाबाईनं चुलीवरचा तवा उतरवला.

"मंग मी बी पाळसू."

"अहो अक्का, तुम्ही दिवसभर मिलमध्ये राबता. तुम्ही कशाला?"

"तू जेवत नही ते मी एकली कशी जेवू? आपलं ताट एक शे."

झालं. दोघींची रात्रीची चूल थंड. दुपारी लताबाई शाळेत अर्ध्या भाकरीवर भागवायची, कारण वजन लवकर उतरवायचं होतं. संध्याकाळी यावलच्या स्टँडवर भुकेनं डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि हात आपोआप भज्यांच्या पुड्याकडे जायचा. घरी आली की तोंड पुसून साळसूदपणे निजायची. वजन पहिल्यांदा उतरलं, मग थांबलं, मग एक किलो वर चढलं. एकदा नाल्याच्या वाळूत ती मटकन खाली बसली, ती आमश्याच्या पोरीनं पाणी आणून दिल्यावर उठली.

खरी वाळली ती द्रौपदाबाई. आधीच काटकुळी, त्यात गालांची हाडं वर आली. श्रावण संपता संपता डाळमिलमधली कुंदाबाई तिला रिक्षात घालून घरी घेऊन आली. पाखडता पाखडता ती पोत्यांवर कलंडली होती.

कुंदाबाईची जीभ म्हणजे सुरी. तिनं दारातूनच सुरुवात केली. "काय गं मास्तरीण, एवढा पगार घेऊन जावेला उपाशी ठेवतेस का? आणि तू तर चांगली टुमटुमीत आहेस!"

कुंदाबाई गेल्यावर लताबाईनं दूधभाकरी कुस्करून वाटी पुढे केली. द्रौपदाबाईनं भिंतीकडे तोंड केलं.

"अक्का, खा हो. माझं चुकलं. ते अष्टशील नव्हतंच."

"मंग काय व्हतं?"

"मला बारीक व्हायचंय. डॉक्टरनं सांगितलंय. मला वेगळं ताट पाहिजे होतं, आणि तुम्हाला सांगायचं धाडस होत नव्हतं."

एवढ्यावर थांबली असती तर चाललं असतं, पण वेगळं ताट हे दोन शब्द तोंडातून गेले ते गेले. द्रौपदाबाई उठून बसली. आवाज चढवला नाही, त्याचंच भय वाटलं.

"तुले मनासंगे जेवाले लाज वाटस का, लता? सांग ना. तू आते मास्तरीण शे. मना हातले डाळनी भुशी लागेल ऱ्हास. माले समजस बठ्ठं."

"तसं नाही हो!"

"घे. वेगळं ताट घे. नवं घे, स्टीलनं."

पुढचे काही दिवस त्या घरात दोन ताटं निघाली आणि दोन्ही अर्धी टाकली गेली. थोरला भाऊ सुकदेव गिरधरला म्हणाला, "बायकांचं काय झालंय?" गिरधर म्हणाला, "मला विचारू नका भाऊ, मला डेपोतही कोणी काही सांगत नाही." लताबाई रोज फाट्यावर उतरत होती आणि चढ पाहून तिला वाटायचं, आता राजीनामा दिला काय, न दिला काय. ज्या माणसासाठी नोकरी टिकवायची, तेच बोलत नाही.

शेवटी तिनं शहाणपणा केला, जो पहिल्या दिवशी करायचा होता. रविवारी पातळ नेसून उभी राहिली आणि म्हणाली, "अक्का, उठा. माझ्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे चला. मी खोटं बोलत असेन तर त्या सांगतील."

"मी नही येत."

"मग मीही जात नाही. उद्या राजीनामा लिहून देते." आणि तिनं चढ, बैलगाडी, विस्तार अधिकारी, सव्वीस जानेवारी हे सगळं उभ्या उभ्या सांगून टाकलं.

द्रौपदाबाईनं ऐकून घेतलं. राजीनामा म्हणजे काय, हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. "इतलं पोटमा ठेवं?" एवढंच म्हणाली, आणि चपला शोधू लागली.

डॉक्टरीणबाईंनी दोघींना भिंतीला पाठ लावून शेजारी शेजारी उभं केलं. खोलीतल्या बाकीच्या पेशंट बायका खुदुखुदू हसायला लागल्या, कारण दृश्यच तसं होतं. विजेचा खांब आणि त्याला टेकवलेलं डाळीचं पोतं.

"ही उंच, राबणारी. ही बुटकी, बसून शिकवणारी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोघी एका ताटातून निम्मं निम्मं खाता. आता तुम्हीच सांगा, आजी. एकाच मापाचं कापड दोघींना पुरेल का?"

"मी आजी नही," द्रौपदाबाई ठसक्यात म्हणाली. "आनी कापड हिले लोळस, माले तोकडं पडस."

"तेच. तुम्हाला रोज लागतं त्यापेक्षा कमी मिळतंय, आणि हिला जास्त. तुम्ही दोघींनी वीस वर्षं एकमेकींवर माया करून एकमेकींची तब्येत बिघडवली आहे."

परतताना रिक्षात पिंप्राळ्याच्या वळणावर द्रौपदाबाई एकदम म्हणाली, "मंग ताट वेगळं कसाले? वाटा वेगळा करू."

त्या संध्याकाळी तेच पितळेचं ताट निघालं. द्रौपदाबाईच्या बाजूला दोन भाकऱ्या, खिचडी, तिच्यावर तेलाची धार. लताबाईच्या बाजूला एक भाकरी, वरणाची वाटी, चमचाभर तेलातली पालेभाजी, काकडीच्या फोडी. ओलांडाओलांडी नाही. दोनच दिवसांनी लताबाईचं बोट सवयीनं तेलाकडे सरकलं, तेव्हा द्रौपदाबाईनं त्यावर चापट मारली. "तठेच ऱ्हाय. हाई मनं वावर शे, हाऊ बांध."

वजन बघायला पैसे कशाला घालवायचे, म्हणून दर रविवारी द्रौपदाबाई जावेला डाळमिलच्या काट्यावर घेऊन जायची. झुलाल नावाचा हमाल पोती तोलायचा. त्यानं पहिल्यांदा लताबाईला काट्यावर चढलेली पाहिली आणि विचारलं, "अक्का, हाई कोणती डाळ शे?"

"तूर. सालनी," द्रौपदाबाई म्हणाली. "साल काढी ऱ्हायनूत."

साल निघायला वेळ लागला. पहाटे दोघी पिंप्राळ्याच्या रस्त्यानं चालायला निघायच्या. द्रौपदाबाईची एक ढांग म्हणजे लताबाईची दोन पावलं, त्यामुळे एक चालायची आणि एक जवळजवळ पळायची. कॉलनीतल्या बायका फाटकात उभ्या राहून विचारायच्या, "काय हो, एस.टी. चुकली का?" शाळेत मधल्या सुट्टीत लताबाई खुर्चीवरून हाताचा टेका न घेता उठायची आणि बसायची. पोरांना वाटलं ही कवायत आहे. तीही रांगेत उभी राहून उठाबशा काढायला लागली. बुधीबाईनं एकदा दारातून पाहिलं आणि विचारलं, "बाई, पोरांनी काय गुन्हा केला?"

सगळं सरळ झालं असं समजू नये. दिवाळीनंतर भरताची वांगी बाजारात आली, आणि खानदेशात थंडीत भरताच्या पार्टीला नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. गिरधरच्या डेपोतल्या लोकांनी मळ्यात काट्याकुट्यांवर वांगी भाजली. कांद्याची पात, शेंगदाणे, तेलाचा तवंग, वर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. लताबाई जेवली. चांगली पोटभर जेवली. पुढच्या रविवारी झुलालनं काटा पाहिला आणि म्हणाला, "अक्का, डाळ भिजनी वाटस." लताबाई रडकुंडीला आली. आता सगळं वाया गेलं, झेंडाही गेला, नोकरीही गेली.

"एक दिन खादं ते काय व्हयनं?" द्रौपदाबाई खेकसली. "मिलमा एक दिन माल खराब येस, म्हनीसन काय मिल बंद करतंस? उतर खाले. सकायले चालाले येजो."

सकाळी दोघी चालायला गेल्या.

पौषातल्या एका सकाळी लताबाई नाला ओलांडून चढाला लागली. मनात पोरांच्या कवितेची चाल घोळत होती. चढाच्या अर्ध्यावर एक चपटा दगड होता, जिथे ती नेहमी टेकायची. तो केव्हा मागे पडला, हे तिला शाळेचं कौलारू छप्पर दिसल्यावर कळलं. गुडघे कुरकुरत होते, नाही असं नाही. ते पुढेही जन्मभर कुरकुरत राहिले. पण कुरकुरत का होईना, चढत होते. त्या दिवशी शाळा वेळेवर उघडली, आणि त्यानंतरही उघडत गेली.

सव्वीस जानेवारीला द्रौपदाबाईनं डाळमिलला सुट्टी टाकली. तिला तो चढ बघायचा होता. फाट्यावर उतरल्या तर आमश्या बैलगाडी जुंपून उभा. जूनमधलं बोलणं त्यानं मनावर घेतलं होतं, आणि सणाला बाईंना चालवत नेणं बरं दिसत नाही, असं बुधीबाईनंही त्याला बजावलं होतं.

"बसा बाई," तो म्हणाला.

"मी नाही," लताबाई म्हणाली. "मी चालते. तू अक्कांना घे."

"मी ते बसस," द्रौपदाबाई म्हणाली आणि ढांग टाकून गाडीत चढलीसुद्धा. "बठ्ठी जिंदगी पोती व्हायनू. आज माले व्हाऊ द्या." ती गाडीत मांडी घालून राणीसारखी बसली, आणि बाजूनं बुटकी लताबाई पदर खोचून चालत राहिली. चढावर बैल थोडे रखडले तेव्हा पुढेही निघून गेली. द्रौपदाबाई तिच्याकडे बोट दाखवून गाडीवानाला सांगत होती, "पाय, पाय तिले! मनी जाऊ शे ती." आमश्याला बाई सात महिन्यांपासून ठाऊक होत्या, पण त्यानं नवं ऐकल्यासारखी मान हलवली.

विस्तार अधिकारी आले तेव्हा पोरं दोरीजवळ रांगेत उभी होती आणि बाई त्यांच्या पुढे. त्यांनी घड्याळ पाहिलं, लताबाईकडे पाहिलं, आणि राजीनाम्याचं नावही न काढता झेंड्याची दोरी हातात घेतली.

झेंडावंदन झाल्यावर बुधीबाईनं पाहुण्यांना घरी नेलं. ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ, चुलीवर भाजलेल्या मिरच्यांचा ठेचा आणि त्यावर तेल. तिनं दोघींपुढे दोन थाळ्या मांडल्या. द्रौपदाबाईनं त्यातली एक उचलून तिच्या हातात परत दिली.

"एकच राहू दे, बाई. आम्ही एकातच जेवतो," लताबाईनं सांगितलं.

बुधीबाईला काही ते कळलं नाही, पण तिनं थाळी परत नेली. द्रौपदाबाईनं उरलेली थाळी थोडी फिरवली. तेलाची बाजू आपल्याकडे घेतली, डाळीची वाटी लताबाईपुढे सरकवली, आणि दोघी जेवायला बसल्या.